विजेच्या दराला सुनावणी, आरोग्यविम्याच्या हप्त्याला का नाही?

महावितरणला विजेचे दर वाढवायचे असतील तर आधी हिशेब घेऊन लोकांसमोर उभे राहावे लागते. वीज किती रुपयांना विकत घेतली, गळती किती झाली, थकबाकी किती राहिली, कर्जावर व्याज किती गेले, हे सारे प्रस्तावात लिहावे लागते. तो प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर हरकती मागवाव्या लागतात. मग महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग निरनिराळ्या शहरांत जनसुनावण्या घेतो. त्यांतली नवी मुंबईची सुनावणी सीबीडी बेलापूरच्या सिडको भवनात होत आली आहे. २०२५-२६ पासूनच्या पाच वर्षांच्या दरप्रस्तावावरही नवी मुंबईत सुनावणी झाली. तिथे नेरूळच्या एखाद्या सोसायटीचा सचिव, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला छोटा कारखानदार किंवा ग्राहक संघटनेचा कार्यकर्ता उभा राहून महावितरणच्या अधिकाऱ्यांना जाब विचारू शकतो आणि आयोगाला आपल्या आदेशात त्या हरकतींची दखल घ्यावी लागते. एवढे करूनही दर वाढतातच, हा लोकांचा अनुभव खोटा नाही. पण ते का वाढले हे कागदावर असते आणि कोणालाही वाचता येते. त्याच नेरूळमधल्या निवृत्त माणसाच्या आरोग्यविम्याचा हप्ता वाढतो तेव्हा त्याच्या हाती फक्त नवी रक्कम आणि ती भरण्याची अंतिम तारीख पडते. रक्कम का वाढली, त्याच्यासारख्या किती जणांनी किती दावे केले, कंपनीने आपल्या खर्चासाठी किती ठेवले, यातले काहीही त्याला कळत नाही, आणि विचारायला जागाही नाही. आरोग्यविम्याचे दर सरकारने ठरवावेत असे माझे म्हणणे नाही. दर वाढवणाऱ्याने त्याचे कारण उघडपणे सांगावे, ते तपासले जावे आणि पटले नाही तर फेटाळले जावे, एवढीच मागणी आहे. विजेच्या बाबतीत जे आपण रास्त मानतो, ते आजारपणाच्या बाबतीत नाकारण्याला कोणतेही सबळ कारण नाही.

हा प्रश्न नवी मुंबईत तीव्रतेने जाणवावा अशी या शहराची घडण आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि पुढच्या दोन दशकांत मुंबईच्या चाळींतून, एका खोलीच्या संसारांतून हजारो कुटुंबे वाशी, नेरूळ, बेलापूरच्या घरांत आली. ती पिढी तेव्हा तिशीत होती, आज सत्तरीत आहे. त्यांतले बरेच जण खासगी नोकरीत किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत राबले. नोकरी होती तोवर कंपनीचा समूह विमा किंवा राज्य कामगार विम्याचे कार्ड होते. निवृत्तीच्या दिवशी ते छत्र गेले आणि वैयक्तिक पॉलिसी हाच आधार उरला. खासगी क्षेत्रातल्या कामगाराला मिळणारी भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन किती तुटपुंजी असते, हे वेगळे सांगायला नको. २०१४ मध्ये सरकारने ठरवलेली तिची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये आहे. अशा घरात नवरा-बायकोच्या पॉलिसीचा हप्ता हा वर्षातला सर्वांत मोठा एकरकमी खर्च ठरतो. हप्ता भरला नाही तर वीस वर्षे जपलेले संरक्षण एका तारखेला संपते. भरावा तर बाकीच्या घरखर्चाला कात्री लागते. गरिबांसाठी सरकारी योजना आहेत, श्रीमंतांना विम्याची फिकीर नाही. मध्ये अडकलेल्या या वर्गाला नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात 'हरवलेला मधला वर्ग' म्हटले होते आणि त्याची संख्या सुमारे ४० कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ३० टक्के, असल्याचे नोंदवले होते. ज्यांच्याकडे मुळीच विमा नाही अशांचा तो हिशेब होता. आज हप्ता न परवडल्याने पॉलिसी सोडणारे अनेक ज्येष्ठ त्याच गर्दीत जाऊन मिळतात.

यावर पहिले उत्तर मिळते ते असे की बाजारात कंपन्या पुष्कळ आहेत. एक महाग वाटली तर दुसरीकडे जावे. वाशीच्या बाजार समितीत हे उत्तर चालते. एका गाळ्यावर कांदा महाग वाटला तर खरेदीदार शेजारच्या गाळ्यावर जातो, आणि म्हणूनच पहिल्या गाळ्यावरचा व्यापारी भाव सांगताना दहादा विचार करतो. आरोग्यविम्यात मात्र शेजारचा गाळा गिऱ्हाइकाची प्रकृती पाहून दार उघडतो. पॉलिसी एका कंपनीतून दुसरीकडे नेण्याची सोय ऑक्टोबर २०११ पासून आहे आणि तीत जुन्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षाकाळही धरला जातो. पण नव्या कंपनीवर तुम्हाला घेण्याची सक्ती नाही. पंचेचाळिशीतल्या निरोगी माणसाचे स्वागत होते. अडुसष्ट वर्षांच्या, मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या माणसाला नकार मिळू शकतो किंवा परवडणार नाही असा दर सांगितला जातो. नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा २०२४ मध्ये उठली हे चांगलेच झाले, पण दार उघडल्याने आतला दर कमी होत नाही. म्हणजे तरुणपणी, दावा न करता, माणूस हप्ते भरत राहतो आणि ज्या वयात विम्याची खरी गरज पडते त्याच वयात तो त्या कंपनीला बांधला जातो. त्यात आणखी एक पेच आहे. कंपनी नवे, आकर्षक उत्पादन बाजारात आणते. तरुण आणि निरोगी ग्राहक तिकडे वळतात. जुन्या पॉलिसीत वयस्क आणि आजारीच मागे उरतात. मग त्या गटाचे दावे वाढतात, हप्ता वाढतो, त्याने आणखी काही जण बाहेर पडतात आणि उरलेल्यांचा हप्ता पुन्हा वाढतो. विमागणिताच्या दृष्टीने यातली प्रत्येक वाढ 'बरोबर' असते. पण तो गट तसा कोणाच्या निर्णयामुळे झाला, हा प्रश्न कोणी विचारत नाही. स्पर्धा जिथे ग्राहकाला सोडवू शकत नाही, तिथे नियमनाची गरज सुरू होते. घरात एकच वायर येते म्हणून वीजदरांवर नियामक बसवला. वयस्क विमाधारकाच्या घरातही एकच वायर उरलेली असते.

आपल्याकडे विम्याच्या दरांवर नियंत्रण कधीच नव्हते असेही नाही. १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ साली दुरुस्ती होऊन टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटी आली आणि आग, अभियांत्रिकी, वाहन अशा प्रकारांचे दर ती ठरवू लागली. १९७३ पासून सर्वसाधारण विमा राष्ट्रीयीकृत झाला. १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. मल्होत्रा समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर आणि १९९९ च्या कायद्यानंतर 'इर्डाई' हा नियामक आला, खासगी कंपन्या आल्या, आणि १ जानेवारी २००७ पासून बहुतेक टॅरिफ रद्द झाली. त्याचा लाभ झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आगीच्या विम्याचे दर उतरले आणि मोठ्या कारखानदारांचे पैसे वाचले, कारण त्यांच्याकडे घासाघीस करण्याची ताकद होती. आरोग्यविम्यात मात्र ही ताकद कोणाकडे आहे, यावर सारे ठरते. ऐरोलीच्या आयटी पार्कमधली कंपनी आपल्या हजारो कर्मचाऱ्यांसाठी विमा घेते तेव्हा चार-पाच कंपन्यांकडून दर मागवते. इर्डाईच्या वार्षिक अहवालांत समूह विम्यातले दाव्यांचे प्रमाण वैयक्तिक विम्यापेक्षा सातत्याने जास्त दिसते, म्हणजे गटाने भरलेल्या शंभर रुपयांपैकी उपचारांसाठी परत येणारा वाटा एकट्याने भरलेल्या शंभर रुपयांपेक्षा मोठा असतो. समूह विमा विकायला आणि सांभाळायला खर्च कमी येतो हे त्याचे एक कारण आहेच. पण संघटितपणे घेणाऱ्याला भाव पाडून मिळतो आणि एकट्याला मिळत नाही, हेही तितकेच उघड आहे. बाजारात ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने मंडळे का द्यावी लागली, हे ज्यांना आठवते त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

टॅरिफ उठली तरी एक दर मात्र आजही सरकारच जाहीर करते: वाहनांच्या थर्ड पार्टी विम्याचा. मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे, आणि सक्तीने घ्यावी लागणारी वस्तू विक्रेत्याच्या मर्जीतल्या भावाने विकू देणे योग्य नाही, एवढा साधा विचार त्यामागे आहे. वर्षानुवर्षांच्या दाव्यांची आकडेवारी पाहून आधी इर्डाई आणि २०२२ पासून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय हे दर ठरवते. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, मग अधिसूचना निघते. १ जून २०२२ पासूनच्या अधिसूचनेत १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला ७१४ रुपये असे दर आहेत. न्हावाशेवा बंदरातून कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरपासून कोपरखैरण्यातल्या स्कूटरपर्यंत प्रत्येकाला आपला दर राजपत्रात सापडतो. म्हणजे दाव्यांची आकडेवारी गोळा करणे, मसुदा काढणे, लोकांचे ऐकणे हे सारे आपल्या व्यवस्थेला जमते. आरोग्यविमा कायद्याने सक्तीचा नाही हे खरे. पण मोठ्या शस्त्रक्रियेचे बिल कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक एका आठवड्यात संपवू शकते अशा काळात तो घ्यावा की न घ्यावा, हा निवडीचा प्रश्न उरलेला नाही. गाडीच्या विम्याला जो न्याय आपण लावतो, तो गाडी चालवणाऱ्याच्या शरीराला लावायला हरकत असू नये.

आज नियामकाकडे काहीच अधिकार नाहीत असे नाही, ते अधिकार बंद दाराआड वापरले जातात ही अडचण आहे. पूर्वी उत्पादन नियामकाकडे दाखल करून मगच विकता येई. जून २०२२ पासून बहुतेक उत्पादनांना आधी विक्री आणि नंतर नोंदणी अशी मुभा मिळाली. त्यानंतर हप्त्यांविषयी ओरड वाढली आणि ३० जानेवारी २०२५ ला इर्डाईने निर्देश काढला की साठ वर्षांवरील विमाधारकांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी. हा निर्देश स्वागतार्ह आहे आणि त्याने अनेक कुटुंबांना धीर मिळाला. पण तो पुरेसा नाही. एक तर तो साठीपुढच्यांनाच लागू आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी मोठी वाढ झाली तर त्या माणसाला त्याचा उपयोग नाही. दुसरे, सल्लामसलत कंपनी आणि नियामक यांच्यात होते, तीत विमाधारक कुठेच नसतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, १० टक्क्यांच्या आतल्या वाढीला कारण सांगावे लागत नाही. ३०,००० रुपयांचा हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढला तर दहा वर्षांत तो ७७,००० रुपयांच्या पुढे जातो. या काळात निवृत्त माणसाच्या मुदत ठेवीवरचे व्याज अडीचपट होत नाही. कमाल मर्यादा अशा रीतीने हळूहळू नेहमीचा दर बनू शकते, आणि तसे होते आहे की नाही हे तपासण्याचे साधन लोकांच्या हातात नाही.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत नेमके काय झाले ते पाहण्यासारखे आहे. विम्यावरचा १८ टक्के कर काढावा, अशी मागणी नागपूरच्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेने केली आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये तसे पत्र अर्थमंत्र्यांना लिहिले. त्यावर देशभर चर्चा झाली, संसदेत प्रश्न निघाले आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा करमुक्त झाला. कराचा दर उघड होता, तो कोण ठरवते हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून त्यावर भांडता आले आणि तो बदलला. पण करमाफीबरोबर कंपन्यांना आपल्या खर्चावरील कराची वजावट मिळणे बंद झाले. तो भार मूळ हप्त्यात कोणी मिसळला का, मिसळला तर किती, हे विमाधारकाला कसे कळावे? ३०,००० रुपयांच्या हप्त्यावर कर धरून ३५,४०० रुपये भरणाऱ्याचे ५,४०० रुपये वाचले. पुढची दोन वर्षे १० टक्क्यांची वाढ झाली की तोच हप्ता ३६,३०० रुपये होतो आणि सरकारने सोडलेला सगळा पैसा त्याच्या खिशातून पुन्हा बाहेर जातो. सरकारने आपला वाटा सोडला. तो शेवटी कोणाच्या पदरात पडला, हे सांगणारी व्यवस्था मात्र उभी केली नाही.

हप्त्यातल्या शंभर रुपयांचे होते काय, हा म्हणूनच या विषयाचा गाभा आहे. इर्डाईच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार आरोग्यविम्यात सर्व कंपन्या मिळून दाव्यांचे प्रमाण सुमारे ८८ टक्के होते. सरकारी कंपन्यांचे ते शंभराच्या पुढे, तर केवळ आरोग्यविमा विकणाऱ्या कंपन्यांचे सुमारे ६५ टक्के होते. या दुसऱ्या आकड्यावरून लगेच लूट झाली असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. या कंपन्यांचे बरेच ग्राहक नवे आणि तरुण आहेत, त्यांच्यासाठी आज भरलेला पैसा उद्याच्या दाव्यांसाठी राखावा लागतो, आणि एकेका घरी जाऊन विमा विकण्याचा खर्चही जास्त असतो. पण मग हेच सारे, पॉलिसीगणिक, कागदावर का मांडले जाऊ नये? आजच्या नियमांत कमिशनसह व्यवस्थापन खर्चाला कमाल मर्यादा आहे: सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकूण हप्त्याच्या ३० टक्के आणि आरोग्यविमा कंपन्यांना ३५ टक्के. दाव्यांपोटी निदान किती खर्च व्हावा याला मात्र तळ नाही. अमेरिकेने २०१० च्या कायद्याने तो ठरवला. वैयक्तिक आणि छोट्या गटांच्या विम्यात हप्त्याचे किमान ८० टक्के, मोठ्या गटांत ८५ टक्के पैसे उपचारांवर आणि उपचारांचा दर्जा सुधारण्यावर खर्च झाले पाहिजेत. कमी झाले तर फरक विमाधारकाला परत द्यावा लागतो. शिवाय ठराविक टक्क्यांच्या वर, सुरुवातीला १० आणि नंतर १५, दरवाढ मागणाऱ्या कंपनीला तिचे समर्थन मांडावे लागते आणि ते तपासले जाते.

यासाठी सातासमुद्रापार बघण्याचीही गरज नाही, कारण हा विचार महाराष्ट्राने स्वतः करून पाहिला आहे. बीड जिल्ह्यात पीकविम्यासाठी एकही कंपनी निविदा भरायला पुढे येईना, तेव्हा २०२० च्या खरिपात राज्याने भारतीय कृषी विमा कंपनीबरोबर ८०-११० चे सूत्र ठरवले. दावे हप्त्याच्या ८० टक्क्यांहून कमी झाले तर कंपनीने २० टक्के स्वतःकडे ठेवून उरलेले परत करायचे. दावे ११० टक्क्यांच्या वर गेले तर वरचा बोजा राज्याने उचलायचा. हाच 'बीड पॅटर्न' पुढे राज्यभर स्वीकारला गेला. त्यात उणिवा होत्या. परत येणारा पैसा शेतकऱ्याकडे न जाता सरकारकडे गेला, ही त्यांतली मोठी. पण विमा कंपनीच्या नफ्याला वर झाकण आणि तोट्याला खाली तळ घालता येतो, आणि तसे केले म्हणजे पळालेली कंपनी परतही येऊ शकते, हे मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीवर दिसून आले. सोयाबीनच्या पिकाला लावलेले हे सूत्र माणसाच्या आरोग्याला लावताना परतावा थेट विमाधारकाच्या पुढच्या हप्त्यातून वळता करावा, एवढी सुधारणा पुरेशी आहे.

त्यामुळे मागणी नेमकी अशी करावी लागेल. प्रत्येक वैयक्तिक आरोग्य पॉलिसीचे मागच्या पाच वर्षांचे जमा हप्ते, दिलेले दावे, नाकारलेले दावे, कमिशन आणि व्यवस्थापन खर्च दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत, मराठीतही. महागाईच्या दरापेक्षा ठराविक प्रमाणाहून अधिक वाढ मागितली गेली, मग विमाधारकाचे वय काहीही असो, तर प्रस्ताव जाहीर व्हावा, हरकती मागवल्या जाव्यात आणि नियामकाने कारणांसह आदेश द्यावा. विक्री बंद झालेल्या जुन्या पॉलिसींचे गट वेगळे न ठेवता त्यांची जोखीम तशाच नव्या उत्पादनांबरोबर एकत्र मोजली जावी, म्हणजे म्हातारपणाची शिक्षा एकाच गटाला होणार नाही. दाव्यांच्या प्रमाणाला तीन वर्षांच्या सरासरीने तळ ठरवावा. आणि ग्राहकांच्या वतीने बोलणारा जाणकार प्रतिनिधी त्या प्रक्रियेत असावा. वीज कायद्याच्या कलम ९४ ने आयोगाला असे प्रतिनिधी नेमता येतात. पुण्याच्या 'प्रयास'ने आणि मुंबई ग्राहक पंचायतीने ही भूमिका निभावून दाखवली आहे. सामान्य माणसाला विमागणित येत नाही ही सबब त्याने निकालात निघते. वीज खरेदीचे गणितही सोपे नव्हते.

या मागणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की दरांवर हात ठेवला तर कंपन्या बाजार सोडतील किंवा बुडतील. त्याला इतिहासाचा आधार आहे. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर १९८८ च्या जनमताने 'प्रपोझिशन १०३' आले. वाहन आणि घरांच्या विम्याच्या दरवाढीला पूर्वमंजुरी लागू झाली आणि वैयक्तिक विम्यात ७ टक्क्यांहून अधिक वाढीवर ग्राहकाला सुनावणी मागता येऊ लागली. तीन दशकांनी, वणव्यांचा धोका वाढत असताना दर त्या वेगाने वाढवता येत नाहीत म्हणून कंपन्या मागे हटू लागल्या आणि मे २०२३ मध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीने घरांचा नवा विमा देणे थांबवले. आपल्याकडेही हप्ता खर्चापेक्षा कमी ठेवल्याचे परिणाम दिसले आहेत: नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन सरकारी कंपन्यांना सावरण्यासाठी २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत केंद्राने १७,४५० कोटी रुपयांचे भांडवल ओतले. तो पैसा करदात्यांचा होता. म्हणून दरपरीक्षणाची कसोटी दुहेरी हवी. दर अवाजवी नसावा, तसाच तो अपुराही नसावा. कारण बुडालेल्या कंपनीची स्वस्त पॉलिसी ही सर्वांत महागडी पॉलिसी असते. ज्या कंपनीचे दावे खरोखर वाढले आहेत तिला वाढ मिळाली पाहिजे, वेळेत मिळाली पाहिजे, आणि उघड आकड्यांमुळे ती लोकांना पटण्याची शक्यताही वाढते. कॅलिफोर्नियाचा धडा परीक्षण नको असा निघत नाही. बदललेल्या जोखमीला परीक्षणाने वेळेत मान्यता दिली पाहिजे, असा तो धडा आहे.

दुसरा आक्षेप रुग्णालयांकडे बोट दाखवतो: बिले फुगतात म्हणून हप्ते फुगतात, मग विमा कंपन्यांना कशाला धरता? यात मोठे तथ्य आहे. रुग्णालयांच्या दरांना शिस्त लावल्याशिवाय हप्ते स्थिर राहणार नाहीत. पण ते अशक्य आहे हे म्हणणे मान्य करता येत नाही. कोविडच्या साथीत, २१ मे २०२० च्या आदेशाने महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांसाठी साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये अशी मर्यादा घातली होती, आणि नवी मुंबईसह अनेक महापालिकांनी बिले तपासली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातल्या स्टेंटच्या किमतींना मर्यादा घातली गेली. औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली गेली. साथ नसताना असे सरसकट आदेश काढावेत का, यावर मतभेद असू शकतात. पण हप्त्याचे परीक्षण हे रुग्णालयांच्या दरांकडे जाण्याचा सर्वांत सरळ रस्ता आहे, हे विसरू नये. कंपनीला 'वैद्यकीय महागाई' या दोन शब्दांत वाढ मागता येणार नाही. कोणत्या शस्त्रक्रियेचा, कोणत्या शहरातला खर्च किती वाढला हे मांडावे लागेल. तेव्हा वाशी आणि पनवेलच्या बिलांत एकाच उपचाराला किती फरक आहे हे प्रथमच सर्वांना दिसेल, आणि रुग्णालयांशी दर ठरवताना कंपनीचा हातही बळकट होईल. आज वाढ विमाधारकावर ढकलणे सोपे असल्यामुळे ती रोखण्याची निकड कोणालाच वाटत नाही.

तिसरा आक्षेप विलंबाचा आणि व्यापारी गुपितांचा आहे. शेकडो उत्पादनांच्या सुनावण्या नियामकाला झेपणार कशा? त्यासाठीच तर सर्व वाढींची सुनावणी मागितलेली नाही. ठराविक मर्यादेपुढच्या वाढींचीच मागितली आहे. वीज कायद्याने दरप्रस्तावावर १२० दिवसांत निर्णयाची मुदत घातली आहे, तशीच येथे घालता येईल. दाव्यांची माहिती गोळा करणारी संस्था, इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो, २००९ पासून हैदराबादेत आहेच. राहिला गुपितांचा प्रश्न. कोणत्या ग्राहकाची निवड कशी करायची हे कंपनीचे कौशल्य असू शकते. लोकांनी भरलेल्या पैशांपैकी किती लोकांवर खर्च झाले, याला गुपित म्हणता येणार नाही.

घटनेनुसार विमा हा केंद्राचा विषय आहे, म्हणून मुंबईचे विधिमंडळ यावर कायदा करू शकत नाही. हप्ता अवाजवी वाढला अशी तक्रार घेऊन नवी मुंबईकर ठाण्याच्या विमा लोकपालांकडे गेला तर तेही हात जोडतात, कारण पॉलिसीच्या अटींप्रमाणे किती हप्ता देय आहे एवढाच वाद त्यांच्या कक्षेत येतो; मुळात तो दर रास्त आहे का, हा प्रश्न विचारायला त्यांचे दालन नाही. सारा रस्ता दिल्लीला आणि इर्डाईच्या हैदराबादला जातो. म्हणूनच ठाणे आणि रायगडच्या खासदारांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी, ग्राहक पंचायतींनी ही मागणी एका आवाजात लावून धरली पाहिजे. विम्यावरचा कर एका पत्राने सुरू झालेल्या चर्चेतून चौदा महिन्यांत गेला. हप्त्याचे परीक्षण त्याहून कठीण असले तरी अशक्य नाही. राज्य सरकारही रिकाम्या हातांनी बसलेले नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या निमित्ताने कोणत्या उपचाराला किती खर्च योग्य, याचा मोठा अनुभव त्याच्यापाशी साठला आहे, आणि बीडचे सूत्रही त्याचेच आहे. ते सारे नियामकापुढे ठेवणे हे राज्याचे कर्तव्य ठरते.

विमा ही मुळात परस्परांना सावरण्याची व्यवस्था आहे. आज निरोगी असलेला आज आजारी असलेल्याचा भार उचलतो, कारण उद्या तो स्वतः त्या जागी असणार आहे याची त्याला खात्री असते. ती खात्री पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती हिशेब स्वच्छ असेल तरच. ज्याने पंचवीस वर्षे हप्ते भरले आणि सत्तरीत, दरवाढ झेपेना म्हणून, पॉलिसी सोडली, त्याने दुसऱ्यांचा भार उचलला. त्याची वेळ आली तेव्हा त्याचा भार उचलायला कोणी उरले नाही. अशी माणसे किती आहेत, हे कोणत्याही कंपनीच्या अहवालात वाचायला मिळत नाही, आणि ते मिळाले पाहिजे. वीजदराच्या सुनावणीसाठी सिडको भवनात जे सभागृह लागते, तेवढेच याला लागेल. एका टेबलाशी कंपनी, दुसऱ्याशी ग्राहकांचा प्रतिनिधी, मध्ये नियामक, आणि समोरच्या खुर्च्यांवर तो हप्ता भरणारी माणसे. त्यांना दर दरवेळी कमी करून मिळणार नाही. आपण भरलेल्या पैशांचा हिशेब मात्र मिळेल, आणि त्यावर त्यांचा हक्क आहे.